परमवीरचक्राचे ‘विजेते’ की ‘मानकरी’?

प्रश्न असा आहे: बातम्यांत ‘परमवीरचक्र विजेते’ असे सर्रास छापतात, ते बरोबर की ‘मानकरी’ म्हणावे? आणि ‘शौर्यचक्र’ हा शब्द कुठल्याही शौर्यपदकाला चालतो का?

‘मानकरी’च म्हणावे. विजेता व्हायला स्पर्धा लागते, कुणीतरी हरलेलाही लागतो. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे घ्या. एप्रिल १९४८मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग पेरलेले, वरून गोळीबार. स्वतः जखमी असूनही राणे रणगाड्याखाली शिरले, त्याच्या चालीने सरपटत राहिले आणि दोर ओढून चालकाला थांब-चलच्या खुणा करत त्यांनी वाट मोकळी केली. परमवीरचक्र पुढे सरकारने दिले. मग त्यांनी ते ‘पटकावले’ कसे म्हणायचे? हे क्रियापद खेळाच्या पानावरच राहू द्यावे. शिवाय आजवरच्या २१ परमवीरचक्रांपैकी १४ मरणोत्तर आहेत. ‘मरणोत्तर विजेते’ एकदा मोठ्याने म्हणून बघा! (‘मरणोपरांत’ही नको, ते हिंदीतून आलेय.)

मान दुसऱ्याने द्यायचा असतो, आणि ‘मानकरी’ शब्दात नेमके तेच आहे. जत्रेत पालखीचा मान ज्या घराला, ते मानकरी. मराठेशाहीच्या दरबारात मानाची जागा असलेले सरदारही मानकरीच. तिथला मान बहुधा वंशपरंपरेचा, इथला कर्तृत्वाचा, असा आक्षेप कुणी घेईल. पण ‘पुरस्काराचे मानकरी’ केव्हाच रुळले आहे.

आता ‘शौर्यचक्र’. ते एका ठरावीक पदकाचे नाव आहे. १९५२मध्ये अशोकचक्राचे तीन वर्ग सुरू झाले. १९६७मध्ये त्यांची नावे अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र अशी झाली. ही तिन्ही शत्रूशी थेट लढाई सोडून इतर प्रसंगांतल्या शौर्यासाठी. लढाईतल्या पराक्रमासाठी परमवीरचक्र, महावीरचक्र, वीरचक्र. त्यामुळे रणांगणावरच्या वीरचक्राला बातमीत ‘शौर्यचक्र’ म्हटले, तर शब्दच नव्हे, माहितीही चुकते. नेमके पदक ठाऊक नसेल तर सरळ ‘शौर्यपदक’ लिहावे.

जाता जाता: चक्र नपुंसकलिंगी. म्हणून ‘वीरचक्र मिळाले’; ‘मिळाला’ लिहिणाऱ्याच्या मनात ‘पुरस्कार’ असतो.