आधी विचारा, मोजली कुणाची मुलं?

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला शाळेतून काढून घरीच शिकवावं, असा आमचा विचार चालू आहे. व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय : 'अमेरिकेत घरी शिकलेली मुलं ७० ते ८० पर्सेंटाइल मिळवतात, वीस हजार मुलांच्या अभ्यासातून सिद्ध.' यावर किती विश्वास ठेवावा?
– एक आई, मुलुंड

उत्तर : आकडा खरा आहे. 'सिद्ध' हा शब्द मात्र त्या अभ्यासात कुठेच बसत नाही.

हे वर्णन लॉरेन्स रडनर यांच्या १९९९ सालच्या अभ्यासाशी जुळतं. त्यात ११,९३० कुटुंबांतल्या २०,७६० मुलांची चाचणी झाली आणि गुणांच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी मुलं बहुतेक विषयांत ७० ते ८० पर्सेंटाइलच्या पट्ट्यात होती. दहावीच्या निकालानंतर आपल्याकडे क्लासबाहेर फोटोसकट फलक लागतात, तेव्हा आपण पहिल्यांदा काय विचारतो? बॅचमध्ये एकूण मुलं किती होती? इथेही तेच विचारायचं. ही मुलं आली ती बॉब जोन्स युनिव्हर्सिटी या एकाच ख्रिस्ती संस्थेच्या चाचणी सेवेतून. म्हणजे ज्या पालकांनी आपणहून चाचणीसाठी नाव नोंदवलं, त्यांचीच. ज्यांनी चाचणी घेतलीच नाही, ज्यांचा घरचा अभ्यास मध्येच बारगळला, जी मुलं परत शाळेत गेली, त्यांचा हिशेब यात नाही.

दुसरी गोष्ट घराची. या पालकांचं शिक्षण आणि उत्पन्न देशाच्या सर्वसाधारण पातळीपेक्षा वर होतं आणि जवळजवळ सगळ्या घरांत आईवडील दोघंही एकत्र राहत होते. त्यांच्या मुलांची तुलना झाली ती देशभरच्या सरसकट मुलांशी. आई पदवीधर, घरात पुस्तकांचं कपाट, रात्री कुणीतरी शेजारी बसून वाचून घेणारं : अशी मुलगी दादरच्या कुठल्याही शाळेतही पुढेच राहिली असती. म्हणून फरक घरामुळे पडला की घरी शिकवण्यामुळे, हे या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. रडनर यांनी स्वतःच लिहिलं आहे की हा नियंत्रित प्रयोग नव्हता आणि घरचं शिक्षण शाळेपेक्षा सरस असल्याचं यातून दिसत नाही. ते वाक्य फॉरवर्ड होताना गळून पडतं, हे फार वाईट आहे, कारण लोक त्यावर मुलांच्या शाळेचे निर्णय घेतात. अभ्यासाला पैसा होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन या होमस्कूलिंगचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेचा होता. तेवढ्यावरून अभ्यास रद्दबातल होत नाही. पण अशा वेळी संशोधकाचा निष्कर्ष आणि संस्थेची जाहिरात शेजारी ठेवून वाचा, दोन्हींत किती अंतर पडलंय ते लगेच दिसतं.

पर्सेंटाइलचंही बघून घ्या. सीईटीमुळे हा शब्द घरोघरी गेला, तरी ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के गुण, असं अजूनही अनेकजण धरून चालतात. त्याचा अर्थ एवढाच, की तुलनेच्या गटातल्या शंभरातली साधारण ऐंशी मुलं मागे आहेत. मधल्या भागात मुलांची गर्दी असते, त्यामुळे दोन-चार उत्तरं जास्त बरोबर आली तरी ५० वरून ६० वर उडी पडते. वरच्या टोकाला गर्दी विरळ असते, तिथे तेवढ्याच दहा पर्सेंटाइलसाठी बरेच जास्त गुण लागतात. म्हणून 'वीस पर्सेंटाइल पुढे' असं वाचलं, तर कुठून कुठे, हे विचारा.

पुढचा अभ्यास हाती आला की सारांश बाजूला ठेवून थेट पद्धतीचा भाग उघडा. मुलं कुठून मिळाली, किती जणांना विचारलं आणि किती जण आले, हे तिथे असतं. नसेल तर वाचन तिथेच थांबवलं तरी चालेल. मग तुलनेचा गट बघा. त्यानंतर चाचणी कुणी घेतली ते : स्वतःच्या मुलाची परीक्षा आईनेच घेतली असेल, तर वेळ आणि मदत दोन्ही सैल होण्याचा धोका असतो. शेवटी आईवडिलांचं शिक्षण आणि उत्पन्न हिशेबात धरल्यावर फरक किती उरतो, ते तक्त्यात शोधा. फरक बराच आटला, तर तो मुळात घराचा होता.

प्रश्न : अभ्यास लहान असेल तर तो सोडूनच द्यावा का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. चुकीच्या पद्धतीने निवडलेली वीस हजार मुलं त्याच चुकीला वीस हजार वेळा गिरवतात. कॅनडात सॅन्ड्रा मार्टिन-चँग आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास फक्त ७४ मुलांचा आहे : ३७ घरी शिकणारी, ३७ शाळेतली, वय ५ ते १०. आईचं शिक्षण आणि घरचं उत्पन्न यांचा विचार तुलनेत केला होता, आणि चाचणी पालकांवर सोडली नव्हती. शिवाय त्यांनी 'होमस्कूलिंग' हा एकच डबा धरला नाही. आखीव अभ्यासक्रमाने शिकणारी २५ मुलं शाळेतल्यांपेक्षा सरस निघाली, तर कुठलाही आराखडा न ठेवता शिकणारी १२ मुलं मागे. सरासरी एकत्र काढली असती, तर ही गोष्ट दिसलीच नसती.

पण १२ हा आकडा विसरू नका. एकाच मुलाचे गुण २४ ने बदलले, तर बारा जणांची सरासरी २ गुणांनी हलते. ही कुटुंबंही स्वेच्छेनेच आली होती. तेव्हा हा अभ्यास चांगला प्रश्न विचारतो असं म्हणा, त्याने अखेरचं उत्तर दिलं असं म्हणू नका.

प्रश्न : भारतातला काही पुरावा? नातवाला एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी देता येईल म्हणतात, तर तिथला निकाल बघून अंदाज बांधता येईल का?
– एक आजोबा, गिरगाव

उत्तर : त्या निकालावरून बांधू नका. एनआयओएसला घरी शिकलेल्या मुलांबरोबरच शाळा सुटलेली, नोकरी करणारी, खेळाडू, आधी नापास झालेली अशी सगळी बसतात. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी असलेल्या राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या फॉर्मचंही तसंच. आपल्याकडे घरी शिकणाऱ्यांची सक्तीची नोंदणी नसल्याने नमुना काढायला यादीच नाही.

निवडीचा, म्हणजे मुळात कुठल्या घरची मुलं कुठे शिकतात याचा, परिणाम किती असतो, हे मात्र भारतातच नीट मोजलं गेलंय, घरच्या शिक्षणाबद्दल नव्हे तर खासगी शाळांबद्दल. आंध्र प्रदेशातल्या १८० गावांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी खासगी शाळेच्या फीचे व्हाउचर सोडत काढून दिले. एरवी तिथे खासगी शाळेतली मुलं पुढे दिसत. पण सोडतीत नाव लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केल्यावर चार वर्षांनंतरही तेलुगू आणि गणितात फरक आढळला नाही. हिंदी खासगी शाळांत जास्त शिकवली जाई, तिथे ती मुलं पुढे गेली. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. घरच्या शिक्षणावर अशी सोडत काढता येत नाही, म्हणून त्यावरच्या प्रत्येक आकड्याकडे वर सांगितलेल्या पद्धतीनेच बघावं लागतं.

नातवापुरतं एक करता येईल. आत्ताच त्याच्याकडून त्याच्या इयत्तेचा, आधी न पाहिलेला उतारा आणि दहा गणितं सोडवून घ्या, तारीख घालून कागद जपून ठेवा. सहा महिन्यांनी तेवढ्याच कठीण पण नव्या प्रश्नांवर पुन्हा घ्या. दोन्ही वेळा तपासणारी व्यक्ती एकच असू द्या, आणि शक्यतो घरातली नको.