फाशांच्या टेबलावरून : वाचकांची पत्रं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (प्रत्येकाने एक पात्र होऊन फाशांवर खेळायच्या खेळाच्या) पाचव्या आवृत्तीबद्दल आहेत, त्यामुळे खालचे आकडेही तिचेच. २०१४ आणि २०२४ च्या नियमांत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय. पत्रं कापून छापली आहेत. सोबत्यांना घातलेल्या शिव्या तर सगळ्याच कापल्या.

प्रश्न : ताई, आमच्या चौघांच्या पार्टीत मी क्लेरिक, म्हणजे देवाच्या जादूने बरं करणारी. लेव्हल ३. माझा प्रत्येक टर्न कोणाला ना कोणाला बरं करण्यात जातो. गेल्या खेपेला एका ओगरने आम्हाला धोपटलं. मी एकूण एक स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) क्युअर वूंड्स या बरं करण्याच्या स्पेलवर संपवला, तरी फायटर तीनदा आडवा झाला. वर सगळे म्हणतात, मीच कमी पडले.
— थकलेली क्लेरिक

उत्तर : तुमच्या पार्टीपुढे आधी हिशेब मांडा. ओगरचा सोटा २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे) अधिक ४ नुकसान करतो, सरासरी १३. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटमधला क्युअर वूंड्स २०१४ च्या नियमांत १डी८ अधिक तुमचा विज्डम मॉडिफायर, म्हणजे शहाणपणाच्या गुणाची भर. तो +३ धरला तर साडेसात. २०२४ मध्ये स्पेल वाढवून २डी८ केला, तरी १२ च. म्हणजे अख्खी अ‍ॅक्शन आणि एक स्लॉट घालूनही एक फटका भरून निघत नाही, आणि ओगरला सोटा फिरवायला स्लॉट लागत नाही. ही शर्यत तुम्ही हरणारच होतात.

तुमच्याच यादीत गायडिंग बोल्ट हा हल्ल्याचा स्पेल आहे, पहिल्या लेव्हलचा. ४डी६, सरासरी १४. २०१४ चा ओगर ५९ हिट पॉइंटचा (तेवढा मार सोसणारा), म्हणजे बोल्ट लागला की त्याचा जवळपास चौथा हिस्सा गेला. खरी मजा पुढे आहे. ज्याला बोल्ट लागला त्याच्यावरच्या पुढच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज मिळतं, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. इनिशिएटिव्हच्या, म्हणजे टर्नांच्या क्रमाच्या, यादीत तुमच्यानंतर कोण आहे ते बघा. रोग (चोर-भामट्याचा क्लास) असेल तर त्याला स्नीक अटॅक, म्हणजे जादा नुकसानाचा वार, तयार मिळाला. शत्रू एक नसून आठ-दहा असतील तर बोल्ट सोडा, पहिल्याच टर्नला ब्लेस टाका : तिघांच्या प्रत्येक हल्ल्यात आणि सेव्हमध्ये (संकट टाळण्याच्या फाशात) एक डी४ जास्त.

मग बरं कधी करायचं? कोणी शून्यावर गेलं की. हीलिंग वर्ड बोनस अ‍ॅक्शनमध्ये होतो, ६० फुटांवरून होतो आणि वर अ‍ॅक्शन शिल्लक राहते, त्यात कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा स्पेल) टाका किंवा गदा चालवा. चार-पाच हिट पॉइंटवर उठलेला फायटर आणि चाळीस हिट पॉइंटचा फायटर यांची तलवार सारखीच लागते. मात्र क्रम बघा. पडलेल्याचा टर्न ओगरच्या आधी येत असेल तर लगेच उठवा. मध्ये ओगर असेल तर तुम्ही दिलेले चार पॉइंट तो खाऊन टाकणार, आणि फायटर एकदाही तलवार न उचलता पुन्हा जमिनीवर. तीनदा आडवा होण्यामागे बहुधा हेच असावं.

हे सगळं कोलमडतं ते एकाच ठिकाणी. तुमचा डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) पडलेल्यावरही वार करत असेल, तर बेशुद्ध माणसावर पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक हल्ला क्रिटिकल होतो आणि डेथ सेव्हची (शून्यावर पडल्यावर जगण्यासाठी टाकायच्या फाशांची) दोन अपयशं एकदम जातात. तिसरं आलं की खेळ खलास. असा डीएम असेल तर शून्याची वाट बघू नका.

आणि कमी पडलीस म्हणणाऱ्यांना पुढच्या सेशनला क्लेरिक खेळायला द्या. एकच सेशन पुरे.

प्रश्न : माझं कॅरेक्टर लेव्हल ४ चं आहे, तीन क्लासांत वाटलेलं : फायटर २, विझर्ड १, रोग १. लेव्हल १२ ला हा बिल्ड कोणाला आवरणार नाही, मी वहीत सगळं मांडून ठेवलंय. पण आत्ता टेबलावर कोणी मला मोजत नाही.
— दूरदृष्टी

उत्तर : कसं मोजतील? तुमचे सोबती आज लेव्हल ४ ला खेळताहेत आणि तुम्ही १२ ला. चौथ्या लेव्हलला मिळणारी अ‍ॅबिलिटी स्कोअरची वाढ एकाच क्लासमध्ये चार लेव्हल झाल्या तरच मिळते, ती तुमची हुकली. पुढच्या लेव्हलला फायटरला दुसरा हल्ला मिळेल, विझर्डला तिसऱ्या लेव्हलचे स्पेल. तुम्हाला यातलं काहीच नाही. बाराव्या लेव्हलपर्यंत पोचणारं कॅम्पेन मी फार क्वचित बघितलंय. ते परीक्षा, नोकऱ्या आणि लग्नांच्या तडाख्यातून वाचत नाही. डीएमला विनवणी करून फायटर ४ करून घ्या, आणि वही ठेवा कपाटात.

प्रश्न : माझा रोग एकटा राहणारा आहे. आईवडील मारले गेलेत, तो कोणावर विश्वास ठेवत नाही, सरायच्या कोपऱ्यात टोपी ओढून बसतो. पार्टीने विचारलं तरी काही सांगत नाही. डीएम म्हणते की यामुळे खेळ अडतो. पण माझं कॅरेक्टर असंच वागेल ना?
— कोपऱ्यातला

उत्तर : असं वागणारं कॅरेक्टर केलं कोणी? तुम्हीच ना? मग बदलाही तुम्हीच. टेबलाभोवती पाच माणसं आपला वेळ काढून बसलेली असताना त्यांतल्या चौघांनी पाचव्याची मनधरणी करत राहायचं, हे पहिल्या सेशनला गंमतीचं वाटतं. तिसऱ्याला नाही.

यात आणखी एक विनोद आहे, तो तुमच्या लक्षात आला नसावा. रोगचं सगळं गणित सोबत्यांवर उभं आहे. स्नीक अटॅकला एक तर अ‍ॅडव्हांटेज लागतं, नाहीतर तुमच्या लक्ष्याच्या पाच फुटांत त्याचा दुसरा कोणी शत्रू उभा लागतो, म्हणजे बहुतेक वेळा तुमचा फायटर. लेव्हल ५ ला ते ३डी६ असतात, सरासरी साडेदहा. ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही त्याच्याच भरवशावर तुमचं निम्मं नुकसान चालतं. बारा क्लासांत एकटेपणाचं सोंग सगळ्यात कमी परवडतं ते रोगला.

आईवडील मेलेले राहू द्यात, माझी हरकत नाही. त्यात फक्त एक धागा घाला जो टेबलावरच्या दुसऱ्या खेळाडूपर्यंत जातो. समजा तुमच्या रोगने क्लेरिकच्या देवळातली चांदीची समई लांबवली होती. क्लेरिकला ते ठाऊक आहे आणि तिने आजवर तोंडातून चकार शब्द काढलेला नाही. का नाही काढला, हे तुमच्या रोगला कळत नाही आणि चैन पडत नाही. झालं. आता तो कोपऱ्यात बसला तरी कोणाकडे तरी बघत बसेल. क्लेरिक खेळणाऱ्या व्यक्तीला आधी विचारा, एवढंच.

प्रश्न : आम्ही लेव्हल ५. मी दारात उभा राहून गॉब्लिन अडवत होतो. आमच्या विझर्डने फायरबॉल टाकला आणि त्यांच्याबरोबर मलाही भाजलं, ३१ हिट पॉइंट गेले. तो म्हणतो तू मध्ये होतास, मी म्हणतो तू टाकलास कशाला. चूक कोणाची?
— भाजलेला फायटर

उत्तर : दाराची. म्हणजे तुमच्या दारात उभं राहण्याची. विझर्डकडे नंतर वळते.

दार अडवायचं म्हणजे दारात ठाण मांडायचं, असं सगळ्यांना वाटतं. काय होतं बघा. पलीकडच्या खोलीतले तिरंदाज सगळेच्या सगळे तुम्हाला बघू शकतात. तुमच्या मागच्यांना मात्र तुमच्या अंगावरून नेम धरावा लागतो, आणि मध्ये तुम्ही असल्यामुळे गॉब्लिनला हाफ कव्हर, आर्मर क्लासमध्ये (हल्ला लागायला फाशावर गाठायच्या आकड्यात) +२. तुमच्या पार्टीतली दुसरी तलवार तर नुसती रांगेत उभी. म्हणजे अरुंद जागेचा फायदा शत्रूला आणि तोटा तुम्हाला.

त्याऐवजी आपल्याच खोलीत, दारापासून तिरकं, भिंतीच्या आडोशाला उभे राहा. दुसऱ्या बाजूला बार्बेरियन किंवा जो कोणी असेल तो. आता पलीकडच्या तिरंदाजांना कोणीच दिसत नाही. ज्या गॉब्लिनला लढायचंय त्याला दार ओलांडून आत यावं लागेल, आणि आला की तिघांच्या तावडीत. बाकीचे दारापाशी गोळा होणार. ते गोळा झाले की फायरबॉलची वेळ.

आता विझर्डसाठी. फायरबॉलची त्रिज्या २० फूट आहे, व्यास नव्हे. नकाशावर आठ चौकोन रुंद गोळा बसतो तो. ८डी६ ची सरासरी २८, तेव्हा तुमचे ३१ काही अघटित नव्हते. २०१४ च्या नियमात ही आग कोपऱ्यांवरून वळते, त्यामुळे भिंतीआड लपलात तरी केंद्र तुमच्यापासून २० फुटांहून लांब हवं. पल्ला १५० फूट आहे, खोलीच्या पार मागच्या भिंतीवर टाकायला काय हरकत होती? एव्होकेशन ही जादूची शाखा शिकलेला विझर्ड असेल तर २०१४ च्या नियमांत सोबत्यांना आगीतून वगळता येतं. तुमच्याला येत असतं तर हे पत्र आलंच नसतं.

राहिला क्रम. पाचव्या आवृत्तीत आपला टर्न मागे ढकलता येत नाही, फक्त रेडी करता येतं. म्हणजे ‘दारातून जो पहिला आत येईल त्याला मारतो’ असं ठरवून थांबायचं. पण त्यात तुमची रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या टर्नात करता येणारी कृती) खर्च होते, आणि लेव्हल ५ चा दुसरा हल्ला मिळत नाही, कारण तो फक्त स्वतःच्या टर्नला चालतो. म्हणून विझर्डचा टर्न तुमच्या आधी असेल तर त्याला आधी जाळू द्या, मग तुम्ही पुढे व्हा. नंतर असेल तर पहिल्या राउंडला पुढे धावूच नका. भांडण सुरू होण्याआधी ‘पहिल्या राउंडला टाकणार आहेस का’ एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं. गॉब्लिन ऐकतील म्हणून डीएम काही फार त्रास देणार नाही. दिला तर खुणेचा शब्द ठरवा.

प्रश्न : मी १४ वर्षांचा आहे. मला विझर्ड मुद्दाम दुबळा करायचाय, आजारी असतो असा. कॉन्स्टिट्यूशन (तब्येतीचा गुण) ८ ठेवलं. डीएम म्हणतो मरशील. मरेन का?
— खोकणारा विझर्ड

उत्तर : मरशीलच असं नाही, पण जमिनीवर बराच वेळ काढशील. सरासरीने धरलं तर लेव्हल ५ ला तुझे हिट पॉइंट १७ होतील. कॉन्स्टिट्यूशन १४ असतं तर ३२ झाले असते. वरचं पत्र वाच आणि एक फायरबॉल मनात धर.

त्याहून मोठं दुखणं कॉन्सन्ट्रेशनचं. स्पेल धरून ठेवला असताना मार बसला की कॉन्स्टिट्यूशनची सेव्ह, आकडा १० किंवा नुकसानाच्या निम्मा, यातला जो मोठा तो. दहा गाठायचे तर तुला फाशावर ११ हवेत, म्हणजे निम्म्या वेळी स्पेल गेला. १४ वाल्याला ८ पुरतात. तुझ्या हेस्टवर (वेग वाढवणाऱ्या स्पेलवर) फायटर नाचत असेल तर तुझा खोकला त्याला भोवणार, तुला नाही.

पॉइंट बायमध्ये (गुण खर्चून क्षमता घ्यायच्या पद्धतीत) २७ गुण असतात. इंटेलिजन्स १५ ला ९ जातात, कॉन्स्टिट्यूशन १४ ला ७, डेक्स्टेरिटी १४ ला ७, विज्डम १२ ला ४. झाले २७. स्ट्रेंग्थ आणि कॅरिस्मा ८ वर सोड. दुबळेपणा स्ट्रेंग्थमध्ये दाखव : त्याला स्वतःची पोतडी उचलवत नाही, दोर चढता येत नाही, जिना चढला की पायरीवर बसतो. खोकायला नियम लागत नाही, हवा तेवढा खोक.

प्रश्न : आमच्यात कोणालाच क्लेरिक व्हायचं नाही. चालेल का?
— तीन रोग आणि एक पॅलाडिन

उत्तर : चालेल. १९७४ च्या पहिल्या खेळात तीनच क्लास होते, लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, तिथपासून क्लेरिक हवाच ही सवय पडलीय. आता तासाभराच्या शॉर्ट रेस्टमध्ये प्रत्येकाला स्वतःचे हिट डाइस वापरून सावरता येतं. पॅलाडिनकडे लेव्हलच्या पाचपट पॉइंटचा ले ऑन हँड्स (हात ठेवून बरं करणं) आहेच. तो एकेक पॉइंट करून पडलेल्यांना उठवायला राखून ठेवा, खरचटल्यावर उधळू नका. प्रत्येक रोगकडे एक हीलर्स किट द्या. मला काळजी दुसरीच आहे : तिघेही लपून बसलेत आणि पुढे एकटा पॅलाडिन. त्याच्या आर्मर क्लासची चौकशी करा.