संघ हरायला लागल्यावर स्टेडियमकडे पाठ फिरवणाऱ्याला चाहता म्हणायचे का?

म्हणावे, पण निष्ठावान आहे की नाही हे तेवढ्यावरून ठरवू नये. तिकीट, प्रवास, रात्री उशिरा सुटणारा सामना, हे सगळ्यांना जमत नाही. त्यामुळे गैरहजेरीवरून मी कुणाची निष्ठा मोजत नाही. संघ हरत असतानाही त्याची चौकशी करतो का, एवढेच बघतो.

गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर 2015 च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एफसी गोवा अगदी शेवटी 2-1 ने पुढे होता आणि चेन्नईयनकडून 3-2 ने हरला. घरच्या मैदानावर! त्यानंतरही जे येत राहिले, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. 2019 मध्ये सुपर कप आणि 2021 मध्ये ड्युरंड कप जिंकल्यावर नवे लोक आले, तेही हवेतच. जुन्यांनी त्यांना हिणवू नये, त्यातलेच काही पुढे टिकतात.

खरी कसोटी मात्र धेंपो, साळगावकर या गोव्यातल्या जुन्या फुटबॉल क्लबांच्या चाहत्यांची झाली. धेंपो पाच वेळा राष्ट्रीय विजेता, तरी 2016 मध्ये हे दोन्ही क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. टीव्हीवरचे प्रक्षेपण गेले, गर्दीही गेली. तरी गोवा प्रोफेशनल लीगचे त्यांचे सामने बघायला जाणारे आहेत. माझ्या लेखी सर्वांत निष्ठावान तेच.