वीस शेअरचा एक होणार म्हणून आणखी घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारात नोंदलेल्या एका छोट्या औषध संशोधन कंपनीचे 2,350 शेअर तुमच्याकडे आहेत, सरासरी 4 डॉलरने घेतलेले. आज भाव 60 सेंट आहे. कंपनीने 20 शेअरचा 1 असा रिव्हर्स स्प्लिट जाहीर केला आहे, म्हणजे 20 जुने शेअर एकत्र करून 1 नवा. त्याआधी 60 सेंटला आणखी उचलावेत, म्हणजे भाव 12 डॉलर झाला की जुना तोटाही भरून निघेल, असा तुमचा बेत आहे.

बेत सोडून द्या. आज तुमच्या शेअरची किंमत 1,410 डॉलर आहे. स्प्लिटनंतर हाती येतील 117 शेअर आणि वर अर्धा. 117 शेअरचे 12 डॉलरने 1,404 होतात, अर्ध्या शेअरचे बहुधा 6 डॉलर रोख मिळतील. बेरीज पुन्हा 1,410. आणि भावाबरोबर तुमची खरेदी किंमतही वीसपट होते, म्हणजे ॲपवर सरासरी 80 डॉलर दिसेल. तोटा होता तेवढाच, 7,990 डॉलर. (सुरुवातीला काही ॲपवर नवी संख्या आणि जुना भाव असा घोळ दिसतो. तो बघून घाबरून विकू नका.) काही कंपन्या अपूर्णांकाचे पैसे न देता पूर्ण शेअर देतात. तेवढ्यासाठी एकेक शेअर घेऊन ठेवणारे लोक आहेत, पण तो नुसता खेळ झाला.

कंपनी हे का करते आहे, ते मात्र नीट पाहायला हवं. नॅस्डॅकवर सलग 30 कामकाजाचे दिवस बंद भाव 1 डॉलरखाली राहिला की यादीतून वगळण्याच्या इशाऱ्याची नोटीस येते आणि सुधारायला सहसा 180 दिवस मिळतात. कागदावर भाव वर नेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रिव्हर्स स्प्लिट. 2025 पासून नियम आणखी कडक झाला आहे: स्प्लिटनंतर वर्षभरात भाव पुन्हा 1 डॉलरखाली घसरला, तर ती मुदतही मिळत नाही.

म्हणून प्रत्येक रिव्हर्स स्प्लिट वाईटच, असं नाही. सिटीग्रुपने 2011 मध्ये 10 चा 1 केला, तेव्हा भाव साडेचार डॉलरच्या आसपास होता. जीईने (जनरल इलेक्ट्रिक) 2021 मध्ये 8 चा 1 केला, तोही भाव डॉलरखाली गेला म्हणून नव्हे. प्राइसलाइनने 2003 मध्ये 6 चा 1 केला, आणि तीच कंपनी आज बुकिंग होल्डिंग्ज म्हणून ओळखली जाते. या तिघांच्याही मागे चालता धंदा होता. तुमच्या कंपनीची विक्री अजून सुरूच झालेली नाही.

तुम्ही पाठवलेल्या तिमाही निकालात मला दोन आकडे खटकले. हाती रोख 90 लाख डॉलर, आणि तिमाहीचा खर्च 40 लाख. म्हणजे सात महिन्यांचेही पैसे नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. सध्या बाजारात 6 कोटी शेअर आहेत आणि जास्तीत जास्त 10 कोटी काढायची मंजुरी आहे. स्प्लिटनंतर बाजारातले शेअर 30 लाख उरतील, पण प्रस्तावात मंजुरीची मर्यादा 10 कोटीच ठेवली आहे. आज कंपनी फार तर 4 कोटी नवे शेअर काढू शकते, उद्या 9 कोटी 70 लाख. त्यातले 15 लाख जरी 12 डॉलरने विकले तरी 1 कोटी 80 लाख डॉलर येतील आणि कंपनीतला तुमचा हिस्सा दोन तृतीयांशावर येईल. अशा कंपन्यांना नवे शेअर सहसा बाजारभावापेक्षा स्वस्तात द्यावे लागतात, वर वॉरंटही, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने आणखी शेअर घेण्याचा हक्क. आलेला पैसा खर्चात जातो आणि काही महिन्यांनी तेच पुन्हा.

त्यामुळे पडत्या भावात आणखी घेऊन ॲव्हरेज करायला माझा सरळ नकार आहे. जुन्या शेअरचं काय, हे ठरवताना 4 डॉलर विसरून जा. आज हातात 1,410 डॉलर रोख असते, तर याच कंपनीत घातले असते का? तुमच्या पत्रात औषधाबद्दल एकही ओळ नाही, सगळं भावाबद्दल आहे. मी तुमच्या जागी असतो तर विकून मोकळा झालो असतो. नोंदवलेला तोटा करात इतर नफ्यासमोर लावता येतो का, ते कर सल्लागाराला विचारा.

ठेवायचेच असतील, तर स्प्लिटच्या प्रस्तावावर मत देताना मंजुरीची मर्यादाही त्याच प्रमाणात घटवत नाहीत म्हणून विरोधात मत द्या. तुमच्या 2,350 मतांनी निकाल फिरणार नाही, पण हक्क आहे तो वापरा. आणि 5 डॉलरला विक्रीची जी ऑर्डर तुम्ही लावून ठेवली आहे, ती स्प्लिटच्या दिवसाआधी स्वतः रद्द करा. ब्रोकर बहुतेक वेळा अशा ऑर्डर काढून टाकतात, पण ती चुकून राहिली तर 12 डॉलरचा शेअर विकायला 5 ची मर्यादा उरते.