एकाच लांबीच्या दोन कयाक, मग वळणात एवढा फरक का?

प्रश्न : माझी सी कयाक, म्हणजे समुद्रात वल्हवायची अरुंद होडी, ५.३ मीटर लांब आहे. सरळ झकास जाते, पण वळवताना हात भरून येतात. मैत्रिणीची कयाक तेवढीच लांब, तेवढीच रुंद, तरी ती निम्म्या जागेत वळते. ती म्हणते, तुझं तंत्र कच्चं. दुकानदार म्हणतो, सुकाणू बसवून घ्या. काय करू?

उत्तर : पैसे खर्च करण्याआधी होडीचा तळ बघा. दोघींची एकूण लांबी सारखी असेल, पण वळताना हिशोब होतो तो पाण्यात बुडालेल्या लांबीचा. होडी फिरते तेव्हा मधला भाग जवळपास जागच्या जागी असतो. पाणी आडवं लोटावं लागतं ते दोन्ही टोकांना. टोकं जितकी खोल बुडालेली, तितका विरोध जास्त. तळाची रेघ टोकांकडे वर चढत गेली असेल, म्हणजेच होडीला रॉकर असेल, तर टोकं पाण्याला जेमतेम टेकतात आणि होडी चटकन फिरते.

हे घरच्या घरी तपासता येतं. रिकामी कयाक सपाट फरशीवर ठेवा आणि गाल जमिनीला टेकवून बाजूने बघा. मध्यापासून टोकांकडे फट हळूहळू वाढत गेली, तर रॉकर चांगला आहे. तळ जवळजवळ शेवटपर्यंत फरशीला चिकटून असेल आणि टोकं तेवढी एकदम वर उचलली असतील, तर ती टोकं कितीही डौलदार दिसोत, वळताना फारशी कामाला येत नाहीत. तुमची होडी या दुसऱ्या जातीची असावी असा माझा अंदाज आहे. तो दोष समजू नका. लांब पल्ल्याला हीच होडी नाक न हलवता जाते आणि मैत्रिणीला मात्र दर चार वल्ह्यांमागे दिशा सावरावी लागते.

आता तंत्र. होडी तिरकी केली की तिचा पाण्यातला आकारच बदलतो, आणि ही गोष्ट मला या खेळात सगळ्यात सुंदर वाटते. डावीकडे वळायचं असेल तर उजवी कड खाली घ्या. सायकलवर आपण वळणाच्या आत झुकतो. इथे नेमकं उलटं. उजवी कड बुडाली की त्या बाजूचा फुगीर मधला भाग पाण्यात जातो, टोकांची पकड सैल होते आणि बुडालेला आकार एका बाजूला बाकदार होतो. मग चालती होडी आपणहून उचललेल्या बाजूकडे वळू लागते.

वजन उजव्या कुल्ल्यावर द्या आणि डाव्या गुडघ्याने डेक, म्हणजे होडीचं वरचं आवरण, वर उचला. कमरेच्या वरचं अंग मात्र ताठ, तुमचं नाक होडीच्या मध्यरेषेवर. मग उजवीकडून वल्ह्याचा लांब, रुंद फेरा घ्या. होडी वेगात असेल तर फेऱ्याच्या शेवटच्या भागावर जोर द्या, कारण चालत्या होडीचं पुढचं टोक दोन्ही बाजूंच्या दाबात रुतलेलं असतं आणि मागचं मोकळं असतं. ते घसरलं की वळण मिळतं. उभ्या होडीत मात्र फेऱ्याचा पहिला भागही तितकाच कामाचा. लाटा असतील तर माथ्यावर येईपर्यंत थांबा. तिथे दोन्ही टोकं क्षणभर हवेत असतात आणि एका फेऱ्यात होडी बरीच फिरते. सराव उथळ पाण्यात, लाइफ जॅकेट घालून आणि कोणीतरी जवळ असताना करा. शिकताना कड हातची सुटतेच.

तळाला धारदार कोन असलेली, म्हणजे हार्ड चाइनची, कयाक जास्त वळते असं तुम्हाला कोणी सांगेल. त्या कोनामुळे तिरकी होडी एका जागी टेकून राहिल्यासारखी वाटते, धीर येतो, हे खरं. पण वळण मुख्यतः रॉकर आणि वरून दिसणारा होडीचा बाक ठरवतात, असं माझं मत आहे.

सुकाणू आत्ताच नको. आडव्या वाऱ्यात दिशा धरायला ते उत्तम, पण कड धरायला शिकण्याआधी बसवलंत तर कड शिकायची राहूनच जाते.

प्रश्न : बाजूने वारा आला की माझ्या कयाकचं नाक वाऱ्याकडे का वळतं? स्केग, म्हणजे मागच्या टोकाखालचं खाली-वर होणारं पातं, किती खाली सोडायचा?

उत्तर : कारण वर आलंच आहे. पुढचं टोक पाण्यात रुतलेलं, मागचं मोकळं. वारा मोकळ्या टोकाला ढकलतो. स्केग मागच्या टोकाला पकड देतो. थोडा थोडा सोडत जा आणि नाक स्थिर झालं की थांबा. पूर्ण सोडलात तर नाक वाऱ्याच्या उलट दिशेला जाऊ शकतं. सामान मागे जास्त भरलं तरी तोच परिणाम होतो. वळायच्या आधी स्केग वर घ्यायला विसरू नका. खडेवाळूच्या किनाऱ्यावरून निघताना त्याच्या खाचेत खडा अडकतो, म्हणून स्केगच्या टोकाला भोक पाडून दोरीचा छोटा फास बांधून ठेवा. स्केग अडकला तर सोबत्याला तो पाण्यातच ओढून काढता येईल.