‘वैधानिक इशारा’ म्हणजे माल वैध असं नाही

अमळनेरच्या एका वाचकाने विचारलंय: टपरीवर वाद झाला. तंबाखूच्या पुडीवर ‘वैधानिक इशारा’ असतो, म्हणजे माल वैध, सरकारमान्य, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याच्या मते मूळ शब्द ‘वैज्ञानिक’, छपाईत घोळ झाला. खरं काय? आणि शाळेच्या भिंतीवर तंबाखूविरोधी मजकूर लिहायचाय, तिथे हा शब्द चालेल का?

‘वैज्ञानिक’ बाजूलाच ठेवू. ‘वैध’ वाल्याचं मात्र अगदीच वाऱ्यावर नाही. ‘वैध’ आला ‘विधि’वरून, ‘वैधानिक’ आला ‘विधान’वरून, घराणं एकच. पण वैध म्हणजे कायद्याला मान्य, आणि वैधानिक म्हणजे कायद्याने घालून दिलेलं. लग्न वैध असतं, वैधानिक नसतं. गोंधळ होतो तो ‘विधान’मुळे. पेपरात ‘वादग्रस्त विधान’ म्हणजे नुसतं बोलणं. कायद्याचा अर्थ विधानसभेपुरता उरलाय. १९९४ साली राज्यात वैधानिक विकास मंडळं झाली, तिथेही हाच अर्थ. (विदर्भ, मराठवाड्याला आपापलं मंडळ; खानदेश ‘उर्वरित महाराष्ट्रा’त. असो.)

‘इशारा’ अरबीतून आलेला. हिंदीत तो डोळ्यांनी करायचा असतो, म्हणून तिकडे ‘वैधानिक चेतावनी’. मराठीत तो धोक्याचा. हतनूर धरणाचे दरवाजे उघडताना तापीकाठच्या गावांना देतात तो.

तर पुडीवर छापतो कंपनीवाला, पण शब्द कायद्याचे. १९७५च्या कायद्याने हा इशारा सक्तीचा केला, पण सिगारेटच्या पाकिटापुरताच. बिडी आणि खायची तंबाखू सुटली होती, ती २००३च्या कायद्यात आली. गंमत म्हणजे या कायद्यात त्याला ‘ठरवून दिलेला इशारा’ अशाच अर्थाचं नाव आहे. ‘वैधानिक’ रुळलं ते पाकिटावरून. मला तर त्यात कंपन्यांची सोयच दिसते: ‘आम्ही नाही म्हणत हो, कायदा म्हणायला लावतो.’

याच कायद्याचं कलम ५ उलट बाजूने तोंड बंद करतं: तंबाखूची जाहिरात नाही. दुकानाबाहेरच्या पाटीला सवलत आहे, पण ती ६० बाय ४५ सेंटिमीटरची, वर इशारा, खाली फक्त मालाचा प्रकार. ब्रँडचं नाव नाही. मग व्यापाऱ्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं काय? सर्वोच्च न्यायालयाने १९५९मध्ये हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात म्हटलं, निव्वळ धंद्याची जाहिरात त्या हक्कात बसत नाही. पण १९९५च्या टाटा प्रेस खटल्यात, टेलिफोन डिरेक्टरीतल्या जाहिरातींच्या पिवळ्या पानांवरून, जाहिरातही राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) मध्ये, म्हणजे याच हक्कात, बसते असं ठरलं. वाजवी निर्बंध अर्थातच राहिले. म्हणून ‘व्यापारी अभिव्यक्ती’ म्हणा, पण तिला राजकीय भाषणाच्या पंगतीला बसवू नका.

शाळेच्या भिंतीवर सरळ लिहा: ‘तंबाखूने कॅन्सर होतो.’ तिथे शाळा स्वतःच्या तोंडाने बोलतेय, ‘वैधानिक’ कशाला? शाळेपासून १०० यार्डांत तंबाखूविक्रीला बंदी असल्याचा फलक फाटकापाशी लावावा लागतो, तो मात्र खरा वैधानिक. त्याचा मजकूर नियमात दिलाय तसाच ठेवा, सुधारायला जाऊ नका.