दुधाच्या दाढेखाली कायमचा दातच नसेल, तर ती दाढ काढावी का?

तुमचा मुलगा ११ वर्षांचा, खालची मागची दुधाची दाढ हलायचं नाव घेत नाही आणि एक्स-रेत तिच्याखाली दातच दिसत नाही. ती काढून टाकावी का, आणि बायकोला गरोदरपणी कॅल्शियम कमी पडलं म्हणून हे झालं का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. पण हे प्रकरण गेली ३४ वर्षं माझ्याच तोंडात आहे, तेही दोन्ही बाजूंना. दाढ किडलेली नसेल, हलत नसेल, तर घाईने उपटू नका.

मी १२ वर्षांचा असताना उजवीकडची दाढ एका डॉक्टरांनी काढली. खालचा दात अडकलाय, म्हणाले. एक्स-रे वगैरे काही नाही. आजीने ती शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर भिरकावली आणि आम्ही नव्या दाताची वाट बघत बसलो. तो आलाच नाही. तीन-चार वर्षांत मागची मोठी दाढ त्या खिंडारात कलली, वरचा दात खाली उतरला, आणि त्या बाजूने शेंगदाणा चावणं संपलं. डावीकडची दाढ मात्र मी रडून-ओरडून काढू दिली नव्हती. ती आजही आहे. झिजलीय, शेजारच्यांपुढे बुटकी दिसते, पण भाकरी चावते.

कायमचा दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ विरघळवतो, म्हणून तो हलतो. खाली कोणीच नसेल तर मूळ तसंच राहतं किंवा फार हळू झिजतं. अक्कलदाढा सोडल्या तर नसलेल्या दातांत ही खालची दुसरी उपदाढ (म्हणजे मागच्या दुधाच्या दाढेच्या जागी येणारा कायमचा दात) आणि वरच्या पटाशीच्या बाजूचा दात हेच बहुधा असतात. शंभरात पाच-सहा जणांना एखादा तरी दात कमी असतो, त्यामुळे मुलगा काही जगावेगळा नाही.

कॅल्शियमचं म्हणाल तर बायकोला, आणि तिला टोमणे मारणाऱ्यांनाही, स्पष्ट सांगा. त्या उपदाढेत कॅल्शियम भरायला सुरुवातच मूल दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर होते. तिचा अंकुरच धरला नाही, आणि हे बहुतेक वेळा जनुकांचं काम. एमएसएक्स१ आणि पॅक्स९ ही त्यातली ओळखीची दोन नावं.

काढावी लागते ती कधी? दाढ हाडाला चिकटली तर. मुलाचा जबडा वाढतो, शेजारचे दात वर सरकतात आणि ही जागेवरच राहून बुडाल्यासारखी दिसते. ते वेळेत कळायला हवं, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. दातांची दाटी असेल तर ती काढून तारेने फट मिटवणंही शहाणपणाचं ठरू शकतं, पण तो निर्णय तारा बसवणाऱ्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, बघून घ्यायचा. इम्प्लांटची, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात लावण्याची, घाई कोणी केलीच तर थांबवा. तो स्क्रू हाडासोबत वर सरकत नाही, त्यामुळे वाढ पूर्ण होईपर्यंत तो बसवत नाहीत.

एक वेगळी गोष्ट. चार्ल्स डार्विनने सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दोन्ही जबडे मिळून पुढचे चार किरकोळ दात आणि आठ दाढा. अंगावर केस विरळ, उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून हाल. मुली ठीक असायच्या, पण त्यांच्या मुलग्यांत ते उतरायचं. तुमच्या मुलाचे सहा किंवा जास्त दात कमी असतील, केस विरळ असतील, घाम येत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. एकाच दाढेसाठी असलं काही मनात आणू नका.

हे घराण्यात चालू शकतं, म्हणून धाकटं भावंड असेल तर सात-आठ वर्षांचं झालं की त्याचाही ओपीजी काढून घ्या. माझ्या मुलीच्या सगळ्या दाढा आहेत, पण पटाशीच्या शेजारचा एक दात खिळ्यासारखा निमुळता आलाय.